‘झाडंच आहेत की!’

वाचकाचं पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या आहेत. नोकरी, नवरा, १५ वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेले सासरे असं घर. गेली ४ वर्षं दर शरदात त्या सगळ्यांना घेऊन दूरच्या रानात रंगलेली झाडं बघायला जातात आणि दर वेळी काहीतरी फिसकटतं. एकदा आठवडाभर आधी पोचले, तर रान हिरवंगार. एकदा आदल्या दोन दिवसांत वारं सुटलेलं, झाडं बोडकी. मागच्या वर्षी पहाटे ४ वाजता निघून ५ तासांचा प्रवास केला. वाटेत धुकं, पुढे गाड्यांची रांग. सासरे गाडीतून उतरलेच नाहीत, नवरा फोटोंच्या मागे धावत राहिला आणि मुलगा कानातले इअरफोन न काढता म्हणाला, ‘‘झाडंच आहेत की!’’ परतीच्या वाटेवर बाई रडल्या. यंदा हा खटाटोप नकोच, असं नवऱ्याचं म्हणणं. त्यांच्या मनात येतं की एकटीनंच जावं, पण ते स्वार्थीपणाचं वाटतं. त्या विचारतात : ‘‘आम्हाला आनंद घेताच येत नाही का? की मीच भलता हट्ट धरून बसले आहे? बघता बघता हेही वर्ष जाईल.’’

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, हा साधा नियोजनाचा प्रश्न आहे. तारीख चुकते, रस्ता लांब पडतो, संपलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ‘हेही वर्ष जाईल’ हे वाक्य पत्रात तीनदा आलंय आणि त्यातल्या दोन वेळा त्याच्या आगेमागे मुलाचं वय आहे. त्याकडे येतेच. आधी तारखेचं बोलू, कारण तारीख चुकण्याचा दोष तुम्ही उगाच स्वतःकडे घेतलाय.

पानं रंगायला लागतात ती दिवस लहान व्हायला लागले म्हणून. झाडाला ही खूण नेमकी कळते. पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं, त्यातला नायट्रोजन झाड काढून घेतं आणि खोडा-मुळांत साठवतं. हिरवा पडदा बाजूला झाला की पानात आधीपासूनच असलेला पिवळा-नारिंगी रंग दिसायला लागतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो बहुतेक झाडांत त्याच दिवसांत, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून नव्यानं तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठणार नाही इतपत गारवा, असे दिवस सलग मिळाले तर लाल खुलतो. ढगाळ, उबदार हवा राहिली तर फिकटतो. इकडे देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होत असतो, तो पानाला फांदीपासून तोडत आणतो. तो पुरा झाला की एक पाऊस किंवा एक जोराचा वारा पुरतो. म्हणजे दिवसाच्या लांबीमुळे सुरुवात साधारण ठरलेली, पण पुढचा सगळा खेळ हवेच्या हातात. तुम्ही मात्र सुट्टीचा अर्ज महिनाभर आधी टाकता. हा डाव तुम्ही हरणारच होता.

तरीही मोठी सहल करायचीच असेल (हे तुमच्यासारख्या इतरांसाठीही सांगते), तर एकाच टोकावर सगळं लावू नका. उंची वाढत जाते तशी हवा गार होते, दर १,००० मीटरला साधारण ६ अंश सेल्सिअसनं. त्यामुळे रंग आधी वर चढतात आणि मग दिवसागणिक डोंगर उतरत येतात. वर झाडं बोडकी दिसली तर तिथे हळहळत बसू नका, गाडी खाली वळवा. सगळी झाडंही एकदम रंगत नाहीत. भूर्ज आणि बरेचसे मेपल लवकर, ओक मागाहून. ओकची आणि बीचची तरुण झाडं तर वाळलेली पानं हिवाळाभर अंगावर बाळगतात. गिंको मात्र फार मजेशीर. पिवळाधमक होऊन उभा असतो आणि थंडीचा एक कडाका पडला की जवळजवळ सगळी पानं एका दिवसात टाकून मोकळा होतो. त्याच्या बाबतीत ‘गाठणं’ म्हणजे नशीबच.

पण खरं सांगू? तुमचा हा प्रश्न मला मुळातच थोडा तिरका वाटतो. शरद म्हणजे रंगीत पानं, हे तुम्ही धरूनच चालला आहात. आपल्या भाषेत तरी शरदाची ओळख पानांवरून नाही, चांदण्यावरून आहे. पानं गळण्याचं काम आपण शिशिराकडे दिलं आणि शरदाकडे निवळलेलं पाणी, धुतलेलं आकाश आणि चंद्र ठेवला. पानांचे लालभडक फोटो नंतर आले आणि त्यांनी बाकीचं सगळं झाकून टाकलं.

चंद्राचंच घ्या. एरवी तो दर दिवशी सरासरी ५० मिनिटांनी उशिरा उगवतो. शरदसंपाताच्या, म्हणजे उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या आसपासच्या पौर्णिमेला मध्यम अक्षांशांवर हा फरक अर्ध्या तासावर किंवा त्याहूनही खाली येतो. त्यामुळे तीन-चार संध्याकाळी ओळीनं, सूर्य मावळतोय न मावळतोय तोच मोठा चंद्र वर येतो. एका संध्याकाळी ढग आले तर दुसरी आहे, तिसरी आहे. पानांनी तुम्हाला इतकी सवलत कधी दिली होती?

धुक्याचंही तसंच. तुमच्या पत्रात ते अडथळा म्हणून आलंय. रात्र लांबलेली, आकाश स्वच्छ, वारा पडलेला, जमीन ओली. अशा वेळी जमीन झपाट्यानं निवते, तिच्यावरची हवा निवते आणि धुकं बनतं. गार हवा जड, म्हणून ती सखल भागात साचते. तुम्ही त्या दिवशी खोऱ्यातल्या रस्त्यानं, त्या धुक्याच्या पोटातून गाडी हाकत होता. तेच एखाद्या टेकाडावर चढला असता तर पायाखाली पांढरं सरोवर दिसलं असतं आणि त्यातून वर आलेले झाडांचे शेंडे. ऊन चढलं की सहसा दोन-तीन तासांत ते विरतं. ५ तासांचा प्रवास करून ९ वाजता पोचणाऱ्याच्या हाती हे लागायचं नाही. घराजवळच्या टेकाडावर ७ वाजता चढणाऱ्याच्या हाती लागेल.

इथे माझी एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मीही अशीच एका रविवारी नावाजलेल्या रानाकडे निघाले आणि वाहनतळाच्या अलीकडेच रांगेत अडकले. सव्वा तास. चिडचिड करून थकल्यावर खाली उतरले, तर कुंपणाच्या प्रत्येक दोन खांबांमध्ये कोळ्याचं जाळं, आणि प्रत्येक जाळ्यावर दव. शरदात या चक्रजाळी विणणाऱ्या कोळिणी पूर्ण वाढलेल्या असतात, म्हणून जाळीही मोठी. त्यांतल्या बऱ्याच जणी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि रोज नवं विणतात. रोजचीच ती जाळी, पण दव पडल्याशिवाय आपल्याला दिसत नाहीत. त्या रानातलं मला आज फारसं काही आठवत नाही. कुंपण आठवतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की मोठी सहल या वर्षी सोडा आणि त्याऐवजी एक जागा धरा. घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत, शहराच्या कडेबाहेर. ओढा, तळं, शेताचा बांध, माळ, झाडांची एक रांग, काहीही चालेल. प्रसिद्ध नसेल तर उत्तमच. तिथे दोन महिन्यांत सहा-सात वेळा जा. प्रत्येक वेळी दोन तास, जास्त नाही. पहिल्या खेपेला ती जागा तुम्हाला सामान्यच वाटेल. तिसऱ्या खेपेपासून फरक दिसायला लागतो. मागच्या वेळी पाणी इथपर्यंत होतं, हे झाड अजून हिरवं कसं, ते पक्षी कुठे गेले. ज्या माणसाला मागच्या आठवड्याचं आठवतं त्यालाच ऋतू बदलताना दिसतो. एकदाच जाणाऱ्याला फक्त देखावा दिसतो, आणि देखावा त्या दिवशी हजर नसेल तर काहीच दिसत नाही. तुमची चार वर्षं नेमकी यात गेली.

‘दोन तासांनी काय होणार’ असं तुमचे यजमान म्हणतील. त्यांना आकडा हवा असेल तर हा घ्या : २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. ती १२० मिनिटं एका दमात घालवली की तुकड्यांनी, यानं फरक पडत नव्हता. यातून कारण सिद्ध होत नाही, जे मुळात धडधाकट तेच बाहेर जास्त पडत असतील असंही असू शकतं. पण पहाटे ४ ला निघायलाच हवं, असं तरी त्यातून दिसत नाही.

आता घरातल्या एकेकाचं बघू. तुमची दुसरी गफलत इथे आहे, असं मला वाटतं. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच गोष्टीनं, सारखंच हरखून जावं ही तुमची अपेक्षा. चार माणसांचं घर आहे ते, आरती नव्हे.

सासऱ्यांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात ते एका ओळीत आटोपलेत. ते गाडीतून उतरले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. पाच तास गुडघे मुडपून बसलेला माणूस ओल्या पानांच्या उतारावर कशाला उतरेल? ओली पानं बर्फासारखी निसरडी असतात, आणि या वयात एक पडणं किती महागात जातं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांच्यासाठी जागा निवडताना सपाट वाट आणि घडीची खुर्ची, एवढंच बघा. एका जागी स्थिर बसलेल्या माणसाला रान जास्त दिसतं. अर्धा तास कुणी हललं नाही की खारी परत कामाला लागतात, ‘जे’ नावाचा पक्षी ओकची फळं उचलून मातीत खुपसताना दिसतो. हे ‘जे’ पक्षी हिवाळ्याची बेगमी म्हणून शेकडो फळं पुरतात, सगळीच काही परत उकरत नाहीत, आणि राहिलेल्यांतून झाडं उगवतात. चालणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही, त्यांच्या पायांच्या आवाजानंच सगळं पसार होतं. तेव्हा सासऱ्यांना ‘मागे राहिलेले’ समजू नका, बसून बघायचं काम सोपवा आणि परत आल्यावर काय काय दिसलं ते खरोखर विचारा.

यजमानांचे फोटो तुम्हाला खुपतात, हे ओळींमधून कळलं. त्यांना थांबवू नका, त्यानं भांडणच होईल. लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग आहे. तो २०१४ साली छापून आला. ज्या वस्तूंचे लोकांनी सरसकट फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादाच भाग जवळ ओढून टिपला, त्यांच्या आठवणीला तसा धक्का बसला नाही. तर यजमानांना सांगा, या वेळी अख्खं रान नको, एका खेपेला एकच गोष्ट जवळून टिपा. एका पानाच्या शिरा, एक बोंड, खोडावरचं एक शेवाळ. तेच झाड दर खेपेला त्याच जागेवरून टिपलं, तर हिवाळ्यापर्यंत सात फोटोंची अशी मालिका होईल, जी त्या प्रसिद्ध रानात जाणाऱ्या कुणाकडेही नसेल. फोटोवाल्यांना हे आवडतं, अनुभवानं सांगते.

आणि मुलगा. तो म्हणाला, झाडंच आहेत. बरोबरच म्हणाला की! पहाटे ३ वाजता उठवून, पाच तास गाडीत कोंबून, वर ‘बघ किती सुंदर’ असं आईचं डोळे लावून वाट बघणं. १५ व्या वर्षी मी तर याहून वाईट काहीतरी बोलले असते. त्याला झाडं आवडत नाहीत असं यातून मी काढणार नाही. आपल्या चेहऱ्यावर आई आनंद शोधते आहे, हे त्याला कळलं आणि त्यानं दार लावून घेतलं, असं काढेन.

आता ते ‘हेही वर्ष जाईल’. दोन-तीन वर्षांत तो शिकायला बाहेर पडेल, ही गोष्ट तुम्ही पत्रात सरळ लिहिलेली नाही, पण सगळी घाई त्याचीच आहे ना? रंग गाठायचे नाहीत तुम्हाला, हा काळ गाठायचाय. तसं असेल तर पानांवर हे ओझं टाकू नका. मुलाला आवडेल अशा वेळी, त्याच्या वेळेला बाहेर काढा. या वयाची मुलं सकाळी मेलेली असतात आणि रात्री जिवंत. २१ ऑक्टोबरच्या आसपास मृग नक्षत्राच्या बाजूनं उल्का पडतात. मध्यरात्रीनंतर, शहराच्या दिव्यांपासून लांब आणि चंद्र नसेल तर तासाला दहा-वीस दिसू शकतात. हॅलेच्या धूमकेतूनं मागे टाकलेली धूळ आहे ती. हा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, आता येईल तो २०६१ मध्ये. तुमचा मुलगा तेव्हा पन्नाशीच्या घरात असेल. उल्कांची वेळ होण्याआधी, संध्याकाळी शर्मिष्ठा या तारकासमूहाचा ‘एम’ सापडला की तिथून देवयानी दीर्घिका शोधायला लावा. अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो, पण तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. फोनमधलं आकाशाचं ॲप वापरू द्या, तेवढ्यापुरता फोन उपयोगाचा आहे. आणि अंधारात शेजारी शेजारी आडवं पडल्यावर एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. मुलं अशा वेळी बोलतात. नाही बोलला तरी चालेल.

पक्ष्यांचीही एक गोष्ट त्याला सांगून बघा. २०२२ च्या ऑक्टोबरात गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून निघाला आणि ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोचला. अंगावरच्या उपग्रह-टॅगमुळे हे कळलं. तेव्हा तो पाच महिन्यांचा होता, आणि आई-बाप बरोबर नव्हते. शेवटचा तपशील तुमच्यासाठीही आहे.

एकटीनं जाण्याबद्दल. जा. यात स्वार्थ कुठे आला? सहा-सात खेपांतल्या दोन सरळ स्वतःच्या नावे ठेवा. एकच बघा, रुसून जाऊ नका. ‘तुम्हाला कुणाला किंमतच नाही, मी जाते’ असं म्हणून दार आपटून निघालात, तर रानात पोचेपर्यंत डोक्यात तेच भांडण चालू राहील. ‘शनिवारी सकाळी मी बाहेर आहे, ११ ला येते’ एवढं पुरे. तुम्हाला नुसतं बसायला आवडतं, असं तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात लिहिलंय. चार वर्षांत तुम्ही एकदाही नुसत्या बसल्या नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंय का? डबे, वेळा, सगळ्यांचे मूड सांभाळत होतात. कात्सुरा नावाचं एक झाड आहे, त्याच्या गळलेल्या पानांना करपवलेल्या साखरेचा वास येतो. असल्या गोष्टी घाईतल्या माणसाच्या नाकापर्यंत पोचत नाहीत.

थोडं व्यवहाराचं, तुमच्यासाठी आणि इतरांसाठी. या दिवसांत मध्यम अक्षांशांवर दिवस रोज तीनेक मिनिटांनी आखडतो, म्हणजे तीन आठवड्यांत एक तास गेला. मागच्या खेपेच्या हिशोबानं परत फिराल तर अंधारात सापडाल, तेव्हा विजेरी बरोबर असू द्या. उंच गवतात पायमोजे विजारीवर ओढून घ्या आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड चिकटलेली नाही ना ते बघा. काही भागांत तिच्यातून लाइम आजार होतो. अळंब्या बघा, वास घ्या, फोटो काढा, पण पक्की ओळखणारा माणूस बरोबर नसेल तर एकही खाऊ नका. ‘डेथ कॅप’ या नावानं ओळखली जाणारी अळंबी दिसायला साधी असते, शिजवूनही तिचं विष जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला सहसा सहा तासांहून जास्त वेळ लागतो. मध्ये बरं वाटल्यासारखं होतं, आणि तोवर यकृताचं नुकसान चालू असतं. ‘ॲपनं खाण्याजोगी सांगितली’ हे कारण डॉक्टरांपुढे चालत नाही.

आणखी एक विचारून ठेवते. परतताना रडलात, ते त्या दिवसापुरतं होतं का? दिवस लहान झाले की दरवर्षी आठवडेच्या आठवडे मन उतरतं, झोप वाढते, कशातच रस वाटत नाही असं होत असेल, तर ते सहलीनं सुटणारं नाही. डॉक्टरांशी बोला. यावर इलाज आहेत.

येत्या शनिवारी पहिली खेप करा. जागा कुठली ते सासऱ्यांना ठरवू द्या, या भागात सगळ्यांत जास्त वर्षं तेच राहिलेत ना? मुलाला आधीपासून काही सांगू नका, यायचं तर ये म्हणा. आला आणि पुन्हा ‘झाडंच आहेत की’ म्हणाला, तर ‘हो, झाडंच आहेत’ म्हणून पुढे चालू लागा. थर्मासमध्ये काहीतरी गरम घ्या. डिकीत घडीची खुर्ची टाका. खरं तर दोन टाका, आणि सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत कोण येऊन बसतं ते मला कळवा.